बोलायला शिकवणारे खेळणे कोणते घ्यावे?

प्रश्न : आमचा मुलगा दोन वर्षे दोन महिन्यांचा आहे. तो ‘आई’, ‘मम्मं’, ‘हम्मा’, ‘भूर’ आणि ‘नाय’ एवढेच पाच शब्द बोलतो. सांगितलेले मात्र त्याला सगळे समजते. ‘आबांची चप्पल आण’ म्हटले की बरोबर आबांचीच आणतो, हवे ते बोटाने दाखवतो, हाताला धरून आम्हाला फडताळापाशी नेतो. सासूबाई म्हणतात की याचे वडीलही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, मुलगे उशिराच बोलतात. माझ्या नणंदेची मुलगी याच्याच वयाची आहे आणि ती घडाघडा बोलते, त्यामुळे मला रात्र रात्र झोप लागत नाही. यजमान पुण्याला नोकरीला असतात आणि पंधरा दिवसांनी घरी येताना खेळणी आणतात. ए-बी-सी-डी म्हणणारा टॅब, दिवे लागणारी आगगाडी, आपले बोलणे परत म्हणणारा पोपट अशी एक मोठी टोपली भरली आहे, तरी बोलण्यात फरक नाही. जेवताना मात्र मोबाईल लावावा लागतो, नाहीतर घास घेत नाही. आता ओळखीच्या एका बाईंनी ८,००० रुपयांचे ‘स्पीच किट’ सुचवले आहे. त्यात चित्रांची कार्डे असून ती यंत्रात घातली की शब्द ऐकू येतो. ते घ्यावे का? नसेल तर कोणती खेळणी घ्यावीत? पुढे इंग्रजी शाळेत घालायचे असल्यामुळे घरात आतापासून इंग्रजी बोलावे, असेही काहीजण सांगतात. काय करावे?

एक आई, तासगाव तालुका, जि. सांगली

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न खेळण्यांचा आहे, पण खेळण्यांकडे वळण्याआधी एक काम व्हायला हवे. मुलाच्या कानांची तपासणी झाल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेही नाही. ज्या मुलाला बोलायला उशीर होतो आहे त्याची श्रवणचाचणी सर्वांत आधी करून घ्यावी, हा आम्हा स्पीच थेरपिस्टांचा पहिला नियम आहे, आणि मूल व्यवस्थित ऐकते असे घरच्यांना कितीही खात्रीने वाटत असले तरी त्याला अपवाद करू नये. आपल्याकडे मुलाच्या पाठीमागे ताट वाजवून बघण्याची पद्धत आहे आणि मूल दचकून वळले की कान चांगले आहेत असे समजून घरचे निर्धास्त होतात. ताटाचा आवाज मोठा असतो, तो बऱ्यापैकी कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही कळतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे हळू उमटणारे ध्वनी त्याला ऐकू येतात की नाही, हे ताट सांगत नाही. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधीकधी पाणी साठून राहते. अशा मुलाला हाक कळते, कुकरची शिट्टी कळते, परंतु शब्द पुसट ऐकू येतात, आणि पुसट ऐकलेला शब्द त्याला तसाच पुसट म्हणता येतो किंवा म्हणताच येत नाही. हे पाणी बहुतेकदा उपचारांनी किंवा काही काळाने आपोआप निघून जाते, पण ते आहे हे आधी कळायला हवे.

चाचणीची धास्ती घेण्याचे कारण नाही. ओएई नावाच्या चाचणीत कानाच्या तोंडाशी एक लहानशी मऊ बोंडी ठेवतात आणि मूल शांत असेल तर काही मिनिटांत काम होते. बेरा या चाचणीत झोपलेल्या मुलाच्या कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवून, आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजतात. दोन्ही चाचण्यांत दुखण्यासारखे काही नसते. तुम्हाला मिरज जवळ आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात चौकशी करता येईल. दुसरा मार्ग गावातच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्याची वैद्यकीय पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करतात. या तपासणीत ऐकण्यातील दोष आणि भाषेतील विलंब यांचाही समावेश आहे. अंगणवाडीताईंना भेटून मुलाचे नाव नोंदवले आहे ना हे पाहा आणि पथक कधी येणार आहे ते विचारा. मात्र ती तारीख लांब असेल तर तोवर थांबू नका, थेट रुग्णालयात जा.

आता सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. ते अगदीच निराधार नाही. घराण्यात कोणी उशिरा बोललेले असेल तर पुढच्या पिढीत तसे होण्याची शक्यता वाढते, आणि दोन वर्षांच्या वयात मागे असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले शाळेत जाईपर्यंत बरोबरीला येतात. परंतु आपले मूल त्या निम्म्यांत आहे की उरलेल्यांत, हे आज कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. मुलगे मुलींपेक्षा थोडे उशिरा बोलतात हेही खरे, पण तो फरक सरासरीत एखाददुसऱ्या महिन्याचा असतो. दोन वर्षांच्या सुमारास मुलाकडे साधारण पन्नासेक शब्द असावेत आणि ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द त्याने जोडू लागावे, अशी अपेक्षा असते. तुमच्या मुलाचे ‘हम्मा’ आणि ‘भूर’ हे पूर्ण शब्दच आहेत, ते मोजताना कचरू नका, पण पाच आणि पन्नास यांत अंतर बरेच आहे. म्हणून तीन वर्षांपर्यंत वाट पाहण्याचा सल्ला मी देणार नाही. लवकर केलेल्या मदतीने नुकसान काहीच होत नाही, आणि गमावलेले वर्ष मात्र परत मिळवायला फार कष्ट पडतात.

तुमच्या पत्रात एक गोष्ट आश्वासक आहे. त्याला समजते चांगले, आणि तो बोटाने दाखवतो. ज्यांची समज वयाला धरून आहे आणि जी मुले हातवाऱ्यांनी स्वतःचे म्हणणे पोहोचवतात, त्यांची पुढची वाटचाल बहुधा चांगली होते. तरीही एक गोष्ट तुम्ही बारकाईने पाहा. तो हाताला धरून नेतो किंवा बोट दाखवतो तेव्हा मध्येच वळून तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो का? आकाशातले विमान किंवा गोठ्यातले नवे वासरू काहीही मागायचे नसताना, केवळ तुम्हीही ते पाहावे म्हणून दाखवतो का? नावाने हाक मारली की वळतो का? बाहुलीला घास भरवण्यासारखा लटका खेळ खेळतो का? यांपैकी बऱ्याच प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ अशी येत असतील, किंवा पूर्वी येत असलेले शब्द तो विसरला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना हे स्पष्ट शब्दांत सांगा. त्या वेळी केवळ बोलण्याचा नव्हे, तर एकूण विकासाचा विचार करावा लागतो.

एवढे झाल्यावर आता खेळण्यांकडे वळू. ८,००० रुपयांचे ते किट घेऊ नका. कार्ड घातले की यंत्र शब्द म्हणते, पण मुलाने काही म्हटले तर यंत्राला ते कळत नाही. मुलाने ‘हं’ केले, नुसते ओठ हलवले, आनंदाने हात उडवला, यांपैकी कशाचीही दखल त्यात घेतली जात नाही. भाषा शिकण्यासाठी मुलाला नेमकी हीच दखल लागते. अमेरिकेतील संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्तींसोबत खेळू दिले, तेव्हा ती बाळे त्या भाषेतील ध्वनींतला फरक ओळखू लागली. तीच भाषा, तेवढाच वेळ, पण पडद्यावरून किंवा नुसत्या आवाजातून ऐकवली, तेव्हा ती काहीही शिकली नाहीत. समोर माणूस असणे, त्याने आपल्याकडे पाहणे आणि आपल्या हालचालीप्रमाणे त्याचे वागणे बदलणे, याला कोणतेही यंत्र अजून पर्याय ठरलेले नाही.

टोपलीतल्या बोलक्या खेळण्यांचा परिणाम मुलावर होतो त्याहून अधिक आपल्यावर होतो, आणि ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. अमेरिकेतच १० ते १६ महिन्यांची मुले आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचा घरी खेळतानाचा आवाज नोंदवून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोलणारी, दिवे लागणारी बॅटरीची खेळणी समोर असताना पालक कमी शब्द बोलले आणि मुलाने आवाज केल्यावर त्याला उत्तर देणेही कमी झाले. साधी लाकडी खेळणी किंवा पुस्तके हाती असताना संभाषण वाढले, आणि पुस्तकांच्या वेळी तर ते सर्वांत अधिक होते. यात पालकांचा दोष नाही. खेळणेच सतत बोलत असेल तर आपण सहजपणे गप्प बसतो, आणि मूल आपल्याला एखादा आवाज देते तेव्हा तो टॅबच्या गाण्यात बुडून जातो. यजमानांनी प्रेमाने आणलेली खेळणी टाकून द्या असे मी म्हणत नाही. आगगाडीतील बॅटरी काढून ठेवा, म्हणजे ‘झुक झुक’ तुम्हाला म्हणावे लागेल आणि काही दिवसांनी त्यालाही म्हणावेसे वाटेल. पोपट आणि टॅब मात्र काही महिने कपाटातच राहू द्यात.

मग घ्यायचे काय? स्वतः काहीच न बोलणारी आणि दोघांना मिळून खेळता येतील अशी खेळणी घ्यावीत. माझी पहिली पसंती भातुकलीला आहे. मुलाला भातुकली कशाला, असे घरात कोणी म्हणाले तर त्यांना सांगा की रोजच्या जगण्यातली सगळी क्रियापदे या एका खेळात येतात. त्यानंतर गाय, म्हैस, शेळी, कोंबडी असा ठसठशीत प्राण्यांचा संच, एक ट्रॅक्टर, एक चेंडू, लाकडी ठोकळे आणि एक बाहुली घ्या. तुमच्या घरी जनावरे असतीलच, त्यामुळे गोठ्यातली हम्मा आणि हातातली हम्मा यांची सांगड तो स्वतः घालेल. एकात एक बसणारे डबे, झाकणे, चाळणी, पळी ही स्वयंपाकघरातली भांडी विकतच्या रंगीत कपांइतकेच काम करतात. जाड पानांची एक-दोन चित्रांची पुस्तके घ्या आणि त्यांच्या जोडीला एक पुस्तक घरीच करा. आजी, आबा, बाबा, आपले दार, ट्रॅक्टर, द्राक्षाची बाग, शेजारचा कुत्रा यांचे फोटो मोठे छापून आणा आणि छोट्या अल्बममध्ये लावा. माझ्याकडे येणारी मुले असा अल्बम इतक्यांदा उलटतात की त्याची पाने सुटी होतात, कारण त्यातले प्रत्येक चित्र त्यांच्या ओळखीचे असते.

साध्या वस्तूंनी खरोखर शिकता येते का, अशी शंका पुष्कळांना येते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, खडे, पाने, फुले अशा भोवताली मिळणाऱ्या वस्तूंमधून शिक्षणाची साधने तयार केली. आज आपण ज्यांना अंगणवाड्या म्हणतो, त्या कल्पनेची मुळे त्यांच्याच कामात आहेत.

आता खेळायचे कसे ते सांगते, कारण सगळे महत्त्व त्याला आहे. दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटे जमिनीवर त्याच्या समोर बसा. शेजारी नव्हे, समोर, म्हणजे तुमचे ओठ त्याला दिसतील. टीव्ही बंद असावा. समजा भातुकलीतला चहा करायचा आहे. तुम्ही किटली उचला आणि कपाकडे नेताना म्हणा, ‘ओत. चहा ओत.’ मग ओता. ‘गरम! हाऽऽ!’ असे म्हणून फुंकर घाला, त्यालाही घालू द्या. खोटा खोटा घोट घेऊन ‘संपला’ म्हणा आणि कप उलटा करून दाखवा. पुन्हा ‘ओत’, पुन्हा ‘गरम’, पुन्हा ‘संपला’. तिसऱ्या-चौथ्या फेरीला किटली कपावर धरा आणि थांबा. काहीही बोलू नका, नुसते त्याच्याकडे उत्सुकतेने पाहा आणि मनात पाचपर्यंत मोजा. या पाच अंकांचा काळ फार मोठा वाटतो, आणि बहुतेक आया तिसऱ्या अंकाला स्वतःच शब्द म्हणून मोकळ्या होतात. तुम्ही तसे करू नका. तो कप पुढे करील, तुमच्याकडे पाहील, किंवा ‘ओ’ असे काहीतरी म्हणेल. यांपैकी जे मिळेल ते उत्तर माना, लगेच चहा ओता आणि आनंदाने म्हणा, ‘ओत! चहा ओत!’ ‘ओ’चे ‘ओत’ करून मागू नका. ‘नीट म्हण’ हे दोन शब्द काही महिने घरातून हद्दपार करा.

हाच क्रम चेंडूला, ट्रॅक्टरला आणि ठोकळ्यांना लावता येतो. ‘एक, दोन...’ म्हणून चेंडू हातात धरून थांबा. त्याने कोणताही आवाज केला की ‘तीन’ म्हणत चेंडू सोडा. त्याच्या आवडीची गाय झाकण घट्ट बसणाऱ्या पारदर्शक बरणीत ठेवा, म्हणजे त्याला ती दिसेल, पण उघडण्यासाठी तुमच्याकडे यावे लागेल. तो बरणी घेऊन आला की ‘उघड?’ असे विचारा, क्षणभर थांबा, आणि उघडा. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ही वाट पाहण्याची पद्धत खेळापुरतीच ठेवा. पाणी, दूध, जेवण किंवा कडेवर घेणे या गोष्टी ‘बोलल्याशिवाय मिळणार नाहीत’ असे काही घरांत सुचवले जाते. तसे मुळीच करू नका. भूक लागलेले किंवा रडवेले झालेले मूल शब्द शिकत नाही, फक्त हताश होते.

तुमच्या पत्राच्या सुरावरून मला असे वाटते की घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याची परीक्षा घेत असावा. ‘हे काय आहे? बोल. काकूला म्हणून दाखव. गाय कशी ओरडते?’ चित्रकार्डांचा मोठा तोटाही हाच आहे, कारण कार्ड हाती आले की प्रत्येकाला प्रश्न विचारण्याचा मोह होतो. ज्याला उत्तर येत नाही तो मुलगा प्रश्नांच्या माऱ्यात आणखी गप्प होतो. प्रश्नाच्या जागी वाक्य वापरा. तो ट्रॅक्टर ढकलत असेल तर ‘हे काय?’ असे न विचारता ‘ट्रॅक्टर चालला. चालला, चालला... थांबला!’ असे म्हणा. तो ज्या वस्तूकडे पाहत असेल तिच्याबद्दलच बोला, आणि वाक्य त्याच्या बोलण्यापेक्षा एका पायरीनेच मोठे ठेवा. तो ‘हम्मा’ म्हणाला तर ‘हम्मा आली’, ‘हम्मा पाणी पिते’, एवढेच पुरे.

शब्द कोणते शिकवावेत, याविषयी माझे मत ठाम आहे. रंगांची, फळांची आणि इंग्रजी अक्षरांची नावे या वयात मागे राहिली तर काहीही बिघडत नाही. ‘दे’, ‘घे’, ‘ये’, ‘उघड’, ‘अजून’, ‘नको’, ‘संपलं’, ‘पडलं’ हे शब्द आधी यायला हवेत, कारण त्यांनी मुलाची कामे होतात आणि ज्या शब्दाने काम होते तो मूल पुन्हा वापरते. ‘आत-बाहेर’, ‘वर-खाली’, ‘रिकामा-भरलेला’, ‘जड-हलका’ हेही खेळता खेळता कानावर पडू द्या. पुढे गणित म्हणून जे शिकायचे असते त्याचा पाया या शब्दांत आहे, आणि डब्यात डबा बसवताना ते जितके पक्के होतात तितके पाटीवर होत नाहीत.

खेळणी एका वेळी चार-पाचच बाहेर ठेवा. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात लहान मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिले. चारच असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि अधिक निरनिराळ्या प्रकारांनी खेळली. उरलेली खेळणी वरच्या फळीवर ठेवा आणि आठवड्याने अदलाबदल करा, जुनी खेळणी नव्यासारखी वाटतील आणि यजमानांचा खर्चही वाचेल.

जेवतानाचा मोबाईल सोडवणे अवघड आहे, पण सोडवायलाच हवा. दोन वर्षांनंतरही दिवसाला एका तासाहून अधिक पडदा नसावा आणि जितका कमी तितका बरा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. जेवणाच्या तीन वेळा म्हणजे बोलण्याच्या तीन हक्काच्या वेळा असतात, आणि सध्या त्या तिन्ही मोबाईलकडे जात आहेत. एकदम सगळे बंद न करता आधी सकाळच्या न्याहारीचा मोबाईल बंद करा. त्याला तुमच्याबरोबर ताटावर बसवा आणि स्वतःच्या हाताने सांडत का होईना खाऊ द्या. पहिले काही दिवस तो कमी जेवेल. त्याने घाबरून जाऊन पुन्हा मोबाईल लावू नका. निरोगी मूल पुढच्या वेळी भरपाई करते.

याला एक अपवाद आहे, आणि तो यजमानांसाठी आहे. व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस मुलाकडे पाहून त्याच्या बोलण्याला उत्तर देतो, त्यामुळे त्याची गणना कार्टून पाहण्याबरोबर करू नये. अडीच वर्षांच्या आसपासची मुले अशा प्रत्यक्ष संवादातून नवे शब्द शिकू शकतात, असे अभ्यासांत दिसले आहे. पुढच्या वेळी त्यांनी नवे खेळणे आणण्याऐवजी घरी आहे तसाच दुसरा ट्रॅक्टर विकत घेऊन पुण्यात स्वतःजवळ ठेवावा. संध्याकाळी त्यांनी तिकडे ‘चालला... थांबला!’ म्हणत ट्रॅक्टर चालवावा आणि मुलाने इकडे. कामावरून थकून आलेल्या वडिलांना ‘बोल ना बाळा, बाबा म्हण’ याच्या पलीकडे काय बोलावे हे सुचत नाही. हातात तेच खेळणे असले की सुचते.

घरात इंग्रजी सुरू करू नका. दोन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलते असे नाही, तो गैरसमज आहे. माझी हरकत वेगळीच आहे. तुम्ही मराठीत रागावता, लाड करता, गोष्ट सांगता. इंग्रजीत तुम्ही त्याला ‘ॲपल’, ‘बॉल’ अशी नावे सांगाल, पण ‘अगं बाई, सगळं दूध सांडलं की!’ हे इतक्या सहजपणे म्हणू शकणार नाही, आणि भाषा शिकवण्याचे खरे काम असल्या वाक्यांतच होते. एका भाषेत पाय घट्ट रोवलेले मूल शाळेत दुसरी भाषा उचलते.

सासूबाईंना विरोधात न ठेवता बरोबर घ्या. दिवसाचा मोठा भाग तो त्यांच्यापाशी असणार. धान्य निवडताना, कोंबड्यांना दाणे टाकताना, देवापुढे दिवा लावताना त्यांनी करत असलेल्या कामाबद्दल त्याच्याशी बोलत राहावे, एवढीच विनंती करा. यात त्या तुमच्याहून आणि माझ्याहूनही तरबेज असतील. मात्र ‘हा काही बोलत नाही’ हे वाक्य त्याच्यादेखत कोणी म्हणू नये, कारण त्याला सगळे समजते असे तुम्हीच लिहिले आहे. वेखंड उगाळून चाटवण्याचा किंवा जिभेखालची शीर कापून घेण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणा. वेखंडाने बोलणे येत नाही आणि ते पोटात देणे सुरक्षितही नाही. जिभेखालचा पडदा आखूड असला तर काही उच्चारांवर परिणाम होऊ शकतो, पण मूल शब्दच बोलत नाही याचे कारण बहुधा ते नसते.

सुरक्षिततेबाबत दोन-तीन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते पाहून घ्या. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेला यातून सूट असल्यामुळे जत्रेतल्या लाकडी खेळण्यावर ते नसेल. तेथे रंगाचे पोपडे निघतात का, चाक किंवा डोळा ओढून निघतो का, हे स्वतः तपासा. तीन वर्षांच्या आतील मुलाच्या हाती सुमारे सव्वा इंचाहून लहान, सुटी होणारी वस्तू देऊ नये. टॅबमध्ये किंवा पोपटात नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्या असतील तर त्यांचे झाकण स्क्रूने बंद आहे ना ते आजच पाहा. अशी बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून तसा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठावे. आणि तुमच्या भागासाठी खास एक सांगते. मोजण्या-निवडण्याचा खेळ म्हणून शेंगदाणे, बेदाणे किंवा अख्खी द्राक्षे त्याच्यापुढे ठेवू नका. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकण्याचे प्रकार आपल्याकडे वारंवार घडतात. अख्खे द्राक्ष घशात अगदी घट्ट बसते, त्यामुळे खायला देतानाही ते उभे चिरून चार तुकडे करूनच द्यावे. खेळायला मोठे ठोकळे, वाट्या आणि झाकणे आहेतच.

तपासणीला जाताना जन्माच्या वेळचे सगळे कागद बरोबर न्या. वजन किती होते, लगेच रडला का, काचेत ठेवावे लागले का, कावीळ किती वाढली होती, या गोष्टींचा कानांशी संबंध असू शकतो आणि डॉक्टर त्या विचारतात. तो म्हणतो ते सर्व शब्द, ‘भू’, ‘माऊ’ यांसारख्या आवाजांसकट, एका कागदावर लिहा आणि पुढे दर महिन्याला त्यात भर घाला. दोन-तीन महिने असे खेळूनही यादी वाढत नसेल, तर कान चांगले निघाले तरी स्पीच थेरपिस्टला दाखवा. रुग्णालयात गेल्यावर पुष्कळ मुले तोंडातून अक्षर काढत नाहीत, म्हणून घरी तो खेळत असतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओही सोबत ठेवा. तो काढताना त्याला ‘बोल’ म्हणू नका. भातुकली मांडा, फोन बाजूला टेकवून ठेवा आणि नेहमीसारखा चहा ओता.